'देवाने ऐकलं' असं लिहू का?

मुंबईजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचं माहेर दक्षिण कोकणात. गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत त्यांच्या वडिलांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) झाला. सुरुवातीचे दोन-तीन दिवस साध्या तापाच्या गोळ्यांत गेले. मग लघवी बंद झाली, धाप लागली आणि त्यांना मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. डायलिसिस सुरू झालं. आईने पाटल्या गहाण टाकून पैसे उभे केले आणि त्याच दिवशी गावी फोन करून ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. रात्री कौल लावला, म्हणजे देवाला होकार-नकार विचारला; उजवा, म्हणजे होकाराचा, मिळाला. सकाळी वडिलांना थोडी लघवी झाली आणि तिथून ते सावरत गेले. आज ते पुन्हा शेतात जातात.

त्याच रात्री अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या असताना पत्रलेखिकेला एक अनुभव आला. त्या लिहितात, 'भीती एकदम गेली. आता काहीही झालं तरी चालेल, सगळं सांभाळलेलं आहे, असं वाटलं. किती वेळ, ते सांगता येणार नाही. कौलाचं तेव्हा मला माहीतही नव्हतं.' हे त्यांनी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही.

आता गावच्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा होतो आहे आणि स्मरणिका निघणार आहे. 'तुम्ही शिक्षिका, वडिलांना आलेली प्रचिती तुम्हीच लिहा,' असा देवस्थान समितीचा आग्रह आहे. आईचीही फार इच्छा आहे. धाकटा भाऊ मात्र चिडला आहे. 'हे छापलंस तर पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी दवाखाना सोडून देवळात जाईल आणि ते पाप तुझ्या माथ्यावर,' असं तो म्हणतो. 'लिहिलं तर विज्ञानाशी खोटं, नाही लिहिलं तर आईशी आणि त्या रात्रीशीही खोटं. हा चमत्कार होता की नाही, हे मला एकदाचं ठरवायचं आहे,' असं म्हणून त्यांनी पत्र संपवलं आहे. सहीखाली आणखी एक ओळ आहे: 'बाजूच्या खाटेवरची बाई आमच्याच तालुक्यातली, लेप्टोचीच. तिच्या घरच्यांनीही गाऱ्हाणं घातलं होतं. ती गेली.'

ताई,

तुम्हाला एकदाचं ठरवायचं आहे, पण ठरवायचं नेमकं कशाबद्दल? तुमच्या पत्रात मला तीन निराळ्या गोष्टी दिसतात. बाबा बरे झाले. आईने गाऱ्हाणं घातलं. आणि बाकावर तुम्हाला काहीतरी जाणवलं. तिन्ही एका रात्रीत घडल्या म्हणून तुमच्या मनात त्यांची गाठ बसली आहे आणि प्रत्येक गोष्ट दुसरीची साक्षीदार होऊन उभी आहे. बाबा बरे झाले म्हणून कौल खरा, कौल खरा म्हणून तुमचं जाणवणं खरं. मग यातलं एक नाकारलं की बाकीचंही हातचं जाणार, ही धास्ती. चमत्कार होता की नाही हे ठरवण्याआधी ही गाठ सुटते का ते बघू.

बाबांच्या बरं होण्यापासून सुरुवात करते. तुम्ही विज्ञान शिकवता, तेव्हा यातलं बरंच तुम्हाला ठाऊक आहे, पण आपलं माणूस खाटेवर असलं की ठाऊक असलेलंही दूर जातं. लेप्टोचा जंतू उंदरांच्या, गुरांच्या मुतातून चिखलात उतरतो आणि पायांच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतो. त्याने मूत्रपिंडं बंद पडली तरी ती बहुधा कायमची बंद पडत नाहीत. प्रतिजैविकं लागू पडली आणि डायलिसिसवर माणूस तगून राहिला, तर ती पुन्हा काम करू लागतात, पुष्कळदा पहिल्यासारखी. फुप्फुसांत रक्तस्राव झाला की गोष्ट फार अवघड होते. म्हणजे त्या सकाळी जे घडलं, त्याचीच वाट बघत तिथले डॉक्टर औषधं देत होते. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७४८ साली चमत्कारांविषयी एक कसोटी मांडली होती. निसर्गाचा नियम मोडल्याची साक्ष कुणी दिली, तर ती साक्ष खोटी असणं हे त्या घटनेहूनही अधिक नवलाचं ठरलं पाहिजे. तरच ती मानावी. बाबांच्या बाबतीत ही कसोटी लावायची वेळच येत नाही, कारण इथे कुठलाच नियम मोडलेला नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तिथे दावा सरळ होता: चमच्यातलं दूध मूर्ती पिते. तो तपासता येत होता. रंग घातलेलं दूध वापरून शास्त्रज्ञांनी तो तपासला आणि पृष्ठताणाने चमच्यातून ओढलं गेलेलं दूध मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवलं. असा दावा कुणी केला की तपासावा, भीड धरू नये, असंच माझं मत आहे.

पण वेळ कशी जुळली, हा प्रश्न तुमच्या मनात उरतोच. अतिदक्षता विभागात माणूस आहे आणि गावच्या देवाला काहीच सांगितलेलं नाही, असं घर कोकणात किती सापडेल? दुखणं हाताबाहेर गेलेल्या कितीतरी रात्री कुठे ना कुठे कौल लागतात, आणि त्यांतल्या काहींची सकाळ चांगली उजाडतेच. जुळलेल्या वेळा गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगतं. न जुळलेल्या ज्यांच्या त्यांच्या घरात राहतात. त्यांतली एक तर तुम्हीच सहीखाली लिहून पाठवली आहे. 'नवसें कन्यापुत्र होती, तरी कां करणें लागे पती' असं विचारणारे तुकोबा पंढरीचे वारकरी होते. नवसाचा आणि फळाचा संबंध नाकारल्याने त्यांचा विठ्ठल तसूभरही कमी झाला नाही.

आता आई. गाऱ्हाणं तुम्ही लहानपणापासून ऐकलं असणार. देवापुढे उभा राहून एकजण बोलतो, की या घरावर असं असं संकट आलं आहे, चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, पाठीशी उभा राहा. आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला म्हणतात, 'व्हय म्हाराजा.' यात देवाला कुणी बातमी देत नसतं. तो गावाचा राखणदार, त्याला सारं ठाऊक आहे, असं धरूनच बोलणं चाललेलं असतं. मग ते कशासाठी? मला वाटतं, ज्याच्यावर वेळ आली आहे त्याचं दुःख मोठ्याने, चार माणसांसमोर, ठरलेल्या शब्दांत उच्चारलं जावं आणि त्याला गावाने 'होय' म्हणावं, यासाठी. तुमची आई त्या दिवशी परक्या शहरात, रुग्णालयाच्या पायरीवर होती. तिच्याजवळ शब्द नव्हते. तिने गावाला तिच्या वतीने बोलायला सांगितलं. या बोलण्याला खरं-खोटं लावताच येत नाही.

आणि ती हातांनी काय करत होती? पाटल्या गहाण टाकत होती. देवावर भार घालून तिने डायलिसिस थांबवलं नाही, डॉक्टरांना एकही प्रश्न उलटा विचारला नाही. तिच्या मनात देऊळ आणि दवाखाना यांचं भांडण नव्हतंच. 'देवान ऐकल्यान' असं ती म्हणते तेव्हा तुमच्या भावाला त्यात आजाराच्या कारणाचा अहवाल ऐकू येतो, म्हणून तो पुरावा मागतो. मला त्यात कृतज्ञता ऐकू येते, आणि कृतज्ञतेला कुणी पुरावा मागितला की माणूस दुखावतं. ती तुमच्यावर रुसली असेल तर बहुधा याच कारणाने. तिच्याशी कौलावर वाद घालू नका. ती रात्र तिने कशी काढली, कुणाकुणाला फोन केले, पाटल्या देताना तिला काय वाटलं, हे विचारा. तुमच्या घरात आजवर हे कुणी विचारलेलं नसावं असा मला पत्रावरून दाट संशय आहे.

तरीही छापण्याच्या बाबतीत मी तुमच्या भावाच्या बाजूला बरीचशी झुकते. तेच वाक्य स्वयंपाकघरात बोललं गेलं तर ऐकणाऱ्याला पाटल्या ठाऊक असतात, डायलिसिसच्या फेऱ्या ठाऊक असतात, आईचा स्वभाव ठाऊक असतो. स्मरणिकेत छापून ते गावोगाव गेलं की हे सगळं गळून पडतं. उरतात कौल आणि बरा झालेला माणूस. वर लिहिणारी विज्ञानाची शिक्षिका! समितीला तुमचं नाव हवं आहे ते यासाठीच, हेही ध्यानात घ्या. त्यात त्यांचा काही कावा असेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या पेशामुळे त्या वाक्याला जे वजन येईल, ते आईने कधी मागितलं नव्हतं.

तुमच्या त्या बाकावरच्या अनुभवापाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण तुम्ही तो इतके दिवस एकटीने सांभाळला आहे.

लुडविग विटगेनस्टाइन या तत्त्वज्ञाने १९२९ साली केंब्रिजमध्ये नीतीवर एक व्याख्यान दिलं. त्यात तो म्हणतो, समजा आपल्यातल्या एखाद्याला अचानक सिंहाचं डोकं फुटलं आणि तो गर्जना करू लागला. यापरतं अद्भुत काय असणार? पण आश्चर्य ओसरलं की आपण डॉक्टरला बोलावू, तपासणी करू, आणि तसं बघायला लागताक्षणी त्यातला चमत्कार नाहीसा होईल. चमत्कार नसतात असं विज्ञानाने सिद्ध केलं, असा याचा अर्थ नव्हे, असंही तो बजावतो. विज्ञानाचं बघणं हे चमत्कार म्हणून बघणं नव्हे, इतकंच. त्याच व्याख्यानात त्याने स्वतःचे काही अनुभव सांगितले. एक, हे जग मुळात आहे याचंच वाटणारं नवल. दुसरा, पूर्णपणे सुरक्षित असल्याची जाणीव: काहीही झालं तरी मला कशाने इजा होणार नाही. ताई, हे वाचा आणि तुमच्या पत्रातलं तुमचं वाक्य वाचा.

पुढे त्याने स्वतःच ते वाक्य मोडीत काढलं. सुरक्षित म्हणजे अमुक एका धोक्यापासून सुरक्षित. घरात आहे म्हणून बसखाली येणार नाही. एकदा डांग्या खोकला होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही. 'काहीही झालं तरी सुरक्षित' या बोलण्याला अर्थच उरत नाही. अशा वेळी आपण भाषेच्या पिंजऱ्याच्या भिंतींवर धडका देत असतो, असं तो म्हणाला. त्यातून ज्ञानात कसलीही भर पडत नाही. पण माणसाच्या मनातल्या या ओढीबद्दल त्याला खोल आदर होता आणि तिची टिंगल आपण जन्मात करणार नाही, असं सांगून त्याने व्याख्यान संपवलं.

मराठीत हा विचार काही नवा नाही. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शब्दखंडन नावाचं अख्खं प्रकरण लिहिलं आहे. आधी ते शब्दाची थोरवी गातात. आठवण करून देण्यात तो प्रसिद्ध, अमूर्ताला दाखवणारा तो आरसा. आणि मग विचारतात, जे आपल्याच प्रकाशाने उजळलेलं आहे, त्याला शब्दाने काय दाखवायचं? हे सगळं सांगायला त्यांनी शब्दच वापरले, ओवीमागून ओवी. तेव्हा तुम्हाला त्या रात्रीचं सांगता येत नाही यात तुमची भाषा कमी पडली, किंवा तुमचं धैर्य कमी पडलं, असं मुळीच समजू नका.

पण तुमचे शब्द जरा नीट बघा. 'आता काहीही झालं तरी चालेल.' यात बाबा वाचतील असं कुठे आहे? तुम्हाला कुणी वचन दिलेलं नव्हतं. जे जाणवलं त्यात बाबांचं जाणंही मावत होतं, म्हणून तर भीती गेली. सकाळी लघवी झाली नसती, तर ती जाणीव खोटी ठरली असती का? मला वाटतं, नाही. मग सकाळी लघवी झाल्याने ती खरीही ठरत नाही. तिला बाबांच्या मूत्रपिंडांचा आधार लागत नाही आणि कौलाचाही नाही. भाऊ म्हणेल, अनेक रात्रींचं जागरण, ताणलेलं मन, मेंदूने स्वतःची सुटका करून घेतली. कदाचित तसंच असेल. पण ती जाणीव कशी उद्भवली हे कळल्याने तिचं पुढे काय करायचं ते कळत नाही. त्यानंतर आजवर तुमच्या भीतीत, रागात, शाळेतल्या मुलांशी वागण्यात काही बदललं का? हे तुमच्याशिवाय कुणी बघू शकत नाही, आणि त्या अनुभवाबद्दल विचारण्यासारखं मला एवढंच दिसतं.

म्हणून तो स्मरणिकेत लिहू नका. छापला की तो लगेच कौलाचा दुसरा साक्षीदार होईल. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. सांगावासा वाटला तर बाबांना सांगा, एखाद्या संध्याकाळी, दोघंच असताना. भिंतीपलीकडे तेच होते.

आता सहीखालची ओळ. तुम्ही ती शेवटी लिहिलीत, पण मला वाटतं तुमचं पत्र तिच्यामुळेच लिहिलं गेलं. 'देवाने आमचं ऐकलं' असं छापलं की त्याच्या पोटात दुसरं वाक्य आपोआप येतं: त्यांचं ऐकलं नाही. आणि मग का ऐकलं नाही, याची उत्तरं गावाजवळ तयार असतात. देवाचं काही देणं राहिलं असेल. मनोभावे केलं नसेल. घरात नवी सून आली असेल तर तिचा पायगुण निघेल. आई गमावलेल्या मुलांना पुढची कित्येक वर्षं हे ऐकावं लागतं. चमत्काराच्या गोष्टींतलं मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. ज्यांच्या घरी माणूस वाचलं त्यांना ती धीर देते, पण ज्यांच्या घरचं गेलं त्यांच्यावर नकळत आरोप ठेवते. त्या बाईच्या माणसांचा 'व्हय म्हाराजा' तुमच्या गावच्या हाकेपेक्षा उणा नव्हता. तिचा आजार कदाचित अधिक पुढे गेला होता, कदाचित तिला आणायला आणखी एखादा दिवस उशीर झाला होता. स्मरणिका तालुकाभर फिरते. म्हणून प्रत्येक ओळ लिहिताना तिची मुलगी ती वाचते आहे असं समजा. ज्या ओळीने ती दुखावेल ती काढून टाका, मग ती ओळ आईला कितीही आवडणारी असो.

लेख मात्र लिहाच. नकार दिलात तर ती जागा दुसरं कुणीतरी भरेल, आणि बाबांची गोष्ट तुमच्या हातून गेलेली असेल. जे घडलं ते घडल्या क्रमाने लिहा: चिखलातलं काम, पायाच्या भेगा, ताप, घरी गेलेले दिवस, डायलिसिस, पाटल्या, गाऱ्हाणं, कौल, सकाळ. कौलही लिहा, कारण तोही घडला. फक्त 'म्हणून' हा शब्द कुठे घालता ते सांभाळा. 'आईने गावाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं, त्या रात्री सारा गाव आमच्यासाठी देवापुढे उभा राहिला, त्याचा आईला फार आधार झाला. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी रात्रंदिवस खपून बाबांना वाचवलं. दोघांचेही आम्ही ऋणी आहोत' या वाक्यांत तुम्ही विज्ञान सोडलेलं नाही आणि आईचा देवही दूर सारलेला नाही. बाजूच्या खाटेवरच्या बाईसाठीही दोन ओळी लिहा, नाव न घेता: त्यांच्यासाठीही तितक्याच कळकळीने हात जोडले गेले होते. आणि शेवटी ठळक अक्षरांत छापायला सांगा, की चिखलात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि लावणीच्या दिवसांत आरोग्य विभाग देतो त्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. भावाची भीती रास्त आहे, तिला हे उत्तर आहे. देवळाच्या स्मरणिकेतून ते जितक्या घरांत पोचेल तितकं आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या पत्रकातून पोचणार नाही.

तुमच्यासारखा पेच आणखी पुष्कळांना पडतो. कुणाला सत्संगात 'अनुभव' सांगायला उभं करतात, कुणाला सासरच्या माणसांसाठी मान डोलवावी लागते. कुठे मऊ राहायचं आणि कुठे ठाम, याची रेघ आपल्या कायद्याने बऱ्यापैकी ओढून दिली आहे असं मला वाटतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने वारीला, कीर्तनाला, दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथनाला हात लावलेला नाही. चमत्काराच्या नावाखाली लोकांना फसवून पैसा उकळणं आणि साप-विंचू-कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारांपासून अडवणं हे मात्र गुन्हे ठरवले आहेत. घरातही हीच रेघ धरावी. आजी अंगारा लावते, लावू द्या. कुणी गोळ्या बंद करायला सांगतो, बरं करण्याची हमी देतो, त्याचे पैसे मागतो किंवा घरातल्या कुणा बाईवर दोष ढकलतो, तिथे वडीलधाऱ्यांचीही भीड ठेवू नये.

लेखाचा कच्चा मसुदा समितीला देण्याआधी आईला वाचून दाखवा आणि भावाला पाठवा. दोघांनाही त्यातलं काहीतरी खटकेल, ते ऐकून घ्या, पण त्या मुलीसाठी काढलेल्या ओळी परत घालू नका. बाबांना ज्यांनी तपासलं त्या डॉक्टरांनाही आजाराविषयीचा भाग एकदा दाखवा. आणि समितीकडून आधीच कबूल करून घ्या, की मथळा तुमचाच राहील. 'देवाच्या कृपेने मृत्यूच्या दाढेतून' असं काही त्यांनी वर चढवलं, तर लेख परत मागा. आईला तसं का केलंत ते तुम्ही स्वतः समजावून सांगा, भावावर सोपवू नका.